‘एमएसचंच असेल’ म्हणून थांबू नका

पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात जाँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसचं, म्हणजे एमएसचं, पहिलं नीट वर्णन केलं. शरीराचीच प्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याच्या नसेवरचं मायलिनचं आवरण खराब करते आणि मेंदूचे निरोप वाटेत अडकतात. आज एमआरआय आहे, आजार आटोक्यात ठेवणारी औषधं आहेत. पण त्रास एकदम वाढला, की घराघरांत तोच प्रश्न पडतो : आत्ता निघायचं, की सकाळपर्यंत बघायचं? चुकीच्या समजुतींमुळे कुणी नको तेव्हा थांबतं, तर कुणी नको ते औषध घेतं.

गैरसमज : एमएस हा सावकाश वाढणारा आजार, त्यात धावपळ करण्यासारखं काही नसतं.

एमएसचा अटॅक, म्हणजे रिलॅप्स, बहुतेक वेळा काही तासांत किंवा काही दिवसांत चढत जातो. नवा त्रास किंवा जुन्या त्रासाची वाढ किमान २४ तास टिकली आणि ताप वा जंतुसंसर्ग नसला, तरच डॉक्टर त्याला अटॅक म्हणतात. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार त्यावरचे उपचार शक्य तितक्या लवकर आणि १४ दिवसांच्या आत सुरू व्हावेत. म्हणजे एका पायाला मुंग्या वाढल्या, पकड थोडी सैल झाली, तर मध्यरात्री गाडी काढावी लागत नाही. सकाळी न्यूरोलॉजिस्टला फोन करून भेट मागावी.

पण नऊ वाजता हातात कप नीट धरलेला माणूस सव्वानऊला हात उचलू शकत नसेल, तोंड वाकडं झालं असेल, जीभ जड झाली असेल, तर ते एमएसचं असेल असं धरून चालणं धोक्याचं आहे. मिनिटांत आलेला त्रास हा पक्षाघाताचा मानायचा, तसं नाही हे डॉक्टरांनी दाखवून देईपर्यंत. एमएस असलेल्या माणसालाही पक्षाघात होतोच. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि त्यातली प्रत्येक मिनिटाची दिरंगाई मेंदूला महाग पडते. महाराष्ट्रात आणि गोव्यात १०८ ला फोन लावायचा.

हीच चूक कॅज्युअल्टीतही होऊ शकते. रुग्णाच्या कागदावर ‘एमएस’ दिसलं, की प्रत्येक तक्रार त्याच खात्यात टाकण्याचा मोह डॉक्टरांनाही होतो. म्हणून सोबतच्या माणसाने ठामपणे सांगावं : ‘असं यांना आधी कधीच झालेलं नाही. इतक्या वाजता ठीक होते, इतक्या वाजता हे सुरू झालं.’ यात उद्धटपणा काही नाही. उपचारांची दिशा ठरवणारी माहिती तीच असते.

लगेच निघावं अशी आणखीही कारणं आहेत. गिळता न येणं, प्रत्येक घोटाला ठसका लागणं, श्वास अपुरा पडणं. आकडी येणं. शुद्ध हरपणं किंवा अचानक असंबद्ध बोलणं. दोन्ही पायांतलं बळ एक-दोन दिवसांत जाणं. लघवी पूर्ण तुंबणं, किंवा बसण्याच्या जागेचा भाग बधिर होणं. शेवटच्या दोन गोष्टी मणक्यात नसा जोरात दबल्यामुळेही होतात आणि तिथे वेळेवर केलेल्या शस्त्रक्रियेवर पुढचं आयुष्य अवलंबून असतं.

गैरसमज : त्रास वाढला म्हणजे नवा अटॅक आलाच.

विल्हेल्म ऊटहोफ या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी १८९० मध्ये एक गोष्ट टिपली : श्रम केल्यावर काही रुग्णांची नजर तात्पुरती धूसर होत होती. पुढे कळलं, की शरीराचं तापमान थोडं वाढलं तरी मायलिन गेलेल्या नसांचं काम मंदावतं. एमआरआय नव्हता त्या काळात गरम पाण्यात बसवून एमएसची परीक्षाही घेत असत. विदर्भातल्या मे महिन्यात, गरम पाण्याच्या आंघोळीनंतर, तापात जुनी लक्षणं उसळून येतात आणि शरीर गार झालं की ओसरतात. त्यातून मेंदूला नवी इजा झालेली नसते.

आपल्याकडे बाळंतिणीला शेक-शेगडी देण्याची पद्धत आहे. एमएस असलेल्या बाईचे पाय त्या उष्णतेने आणखी लटपटू शकतात. दुसऱ्या बाजूने, गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत कमी झालेले अटॅक बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत वाढतात. म्हणून शेक थांबवून, अंग गार झाल्यावरही पाय तसेच राहिले, तर ‘बाळंतिणीचा अशक्तपणा’ म्हणून सोडून देऊ नये. डॉक्टरांना दाखवावं.

लघवीतला जंतुसंसर्ग हे तर लक्षणं बळावण्याचं फार नेहमीचं कारण. संवेदना बोथट झालेल्या रुग्णाला जळजळ जाणवेलच असं नाही. एक दिवस अचानक उभंच राहता येत नाही, एवढंच दिसतं. स्टेरॉइड देण्याआधी लघवी तपासतात ती यासाठीच. आणि अटॅक नाही म्हणजे घाई नाही, असंही नव्हे. रिटुक्सिमॅबसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायला हवा.

गैरसमज : स्टेरॉइड म्हणजे विष. (किंवा उलट : लगेच स्टेरॉइड टोचलं की सगळं ठीक.)

मेथिलप्रेडनिसोलोन रोज एक ग्रॅम, तीन ते पाच दिवस, बहुधा सलाइनमधून, ही अटॅकवरची नेहमीची पद्धत. त्याने सूज लवकर उतरते आणि माणूस लवकर सावरतो. शेवटी किती सावरेल, हे मात्र त्यामुळे फारसं बदलत नाही. म्हणूनच नुसत्या बधिरपणाच्या सौम्य अटॅकला अनेक डॉक्टर स्टेरॉइड देतच नाहीत, आणि तो हलगर्जीपणा नसतो. थोड्या दिवसांच्या या उपचारात झोप उडते, मन सैरभैर होतं, साखर वाढते. मधुमेह असेल तर आधीच सांगायला हवं. पण वर्षानुवर्षं गोळ्या घेण्याशी त्याची बरोबरी करू नये.

मला खरी काळजी वाटते ती अर्धवट उपचारांची. घरातली जुनी पट्टी शोधून दोन गोळ्या घ्यायच्या, कोपऱ्यावरच्या दवाखान्यात एक इंजेक्शन घ्यायचं, म्हणजे आपण काहीतरी केलं असं वाटतं. डोळ्याच्या नसेच्या सुजेवर अमेरिकेत झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९९२ मध्ये आले. त्यात प्रेडनिसोनच्या नेहमीच्या मात्रेतल्या गोळ्यांनी फायदा तर झाला नाहीच, सूज पुन्हा येण्याचं प्रमाण उलट वाढलं. गोळी वाईट असते असा याचा अर्थ नाही. २०१५ मध्ये फ्रान्समधल्या चाचणीत मेथिलप्रेडनिसोलोन त्याच मोठ्या मात्रेत तोंडावाटे दिल्यावर सलाइनइतकाच गुण आला. प्रश्न मात्रेचा आहे, आणि ती ठरवणाऱ्याचा.

अटॅक जबर असेल आणि स्टेरॉइडने उतार पडला नाही, तर प्लाझ्मा बदलण्याचा उपाय उरतो. एमएससारख्याच दिसणाऱ्या एनएमओ या आजारात तर दिवस वाया घालवणं फारच महाग पडतं. दृष्टी किंवा पाय कायमचे जाऊ शकतात.

गैरसमज : डोळ्याला धूसर दिसतंय म्हणजे नंबर वाढला.

एकाच डोळ्याची नजर दोन-चार दिवसांत उतरली, डोळा फिरवताना दुखला, लाल रंग फिका दिसला, तर चष्म्याच्या दुकानात वेळ घालवू नका. एक-दोन दिवसांत नेत्रतज्ज्ञ आणि न्यूरोलॉजिस्ट, दोघांनाही दाखवा. क्षणात दिसेनासं झालं तर थेट कॅज्युअल्टी.

गैरसमज : औषध चालू आहे, म्हणजे काळजी नाही.

औषधांनी अटॅक कमी होतात, संपत नाहीत. नटालिझुमॅब घेणाऱ्यांत क्वचित जेसी विषाणू मेंदूत उचल खातो. काही आठवड्यांत स्वभाव बदलतो, शब्द सापडेनासे होतात, एका बाजूचं दिसत नाही. असे सावकाश बदल घरच्यांच्याच लक्षात आधी येतात, आणि ते लगेच कळवायचे असतात. स्नायूंच्या ताठरपणासाठी दिलेलं बॅक्लोफेन एकदम बंद केल्यास भास आणि आकडी येऊ शकते. गावी जाताना पट्टी संपली, ही साधी बाब नाही.

गैरसमज : हा गोऱ्यांचा आजार, आपल्याकडे नसतो.

मुंबईतल्या पारशी समाजात तो असल्याचं १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसलं होतं, आणि इतर भारतीयांतही तो आढळतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत त्याचं नाव आहे. तरीही तरुण मुलीच्या पायातल्या मुंग्यांना ‘मणक्याची नस दबली’ म्हणून महिनोन्‌महिने शेकत बसणारी घरं आहेतच.

गैरसमज : मन खचलं तर ते ओघानेच आलं, त्यात तातडी कसली?

एमएसमध्ये नैराश्य फार आढळतं आणि आत्महत्येचा धोकाही वाढतो. कुणी ‘आता जगून काय करू’ म्हणू लागलं, तर त्याला एकटं सोडू नका. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र बोलता येतं.

गैरसमज : फाइल सोबत घेतली, की झालं.

रात्रपाळीच्या डॉक्टरला शंभर पानं वाचायला वेळ नसतो. फाइलच्या वर एकच पान ठेवा : निदान कधी झालं, सध्याची औषधं आणि त्यांच्या मात्रा, शेवटचं इंजेक्शन किंवा सलाइन कधी झालं, शेवटचा एमआरआय कधीचा, ॲलर्जी, न्यूरोलॉजिस्टचा फोन नंबर. आणि एक ओळ, जी बहुतेकांच्या पानावर नसते : बरं असताना रुग्ण काय काय करू शकतो. किती चालतो, काठी लागते का, लघवी स्वतः होते का. ती वाचली, तरच आज काय बिघडलं आहे हे समोरच्या डॉक्टरला कळेल.