सडबरीचे निकेल आले कोठून?

तेल आणि पाणी ढवळून भांडे स्वस्थ ठेवा. हलके तेल वर येईल, जड पाणी खाली राहील. अशाच रीतीने कॅनडातील सडबरीचे निकेल-तांब्याचे साठे घडले!

१८८३ साली तेथे रेल्वेमार्ग बांधताना तांब्याचे धातुक दिसले. पुढे त्यात निकेलही आढळले. फार पूर्वी या जागी अवकाशातून एक प्रचंड गोळा आदळला असावा, असे रॉबर्ट डिएट्झ यांनी १९६४ मध्ये मांडले. आता ते मान्य झाले आहे. हा आघात सुमारे १८५ कोटी वर्षांपूर्वीचा.

मग निकेल आकाशातून पडले काय? नाही, ते मुख्यतः पृथ्वीच्याच खडकांतले. आघाताने खडक वितळून शिलारसाचे विशाल तळे झाले. ते निवू लागताच लोह व गंधक असलेल्या द्रवाचे थेंब वेगळे झाले. निकेल-तांब्याला गंधकाची ओढ फार. ते या थेंबांत शिरले. जड थेंब तळाशी साचले.

थंड झाल्यावर त्यांतून मुख्यतः तीन खनिजे बनली : कांस्यवर्णी, बहुधा चुंबकाकडे ओढले जाणारे पायरोटाइट, सुमारे एक-तृतीयांश निकेल असलेले पेंटलँडाइट, आणि पितळेसारखे पिवळे, तांबे देणारे चाल्कोपायराइट.

म्हणूनच भूवैज्ञानिक आजही धातुक शोधतात ते त्या पुरातन तळ्याच्या तळाशी आणि त्याखालच्या भेगांत!