चिखलाची गोष्ट

आधीच सांगून ठेवतो, या गोष्टीत राजा आहे, लामा आहेत, पाचशे वर्षं एका जागी बसून राहिलेला एक माणूसही आहे. पण नायक यांतला कुणी नाही. नायक आहे चिखल. हसू नका रे! शिमल्याहून निघून किन्नौर आणि स्पितीतून वर चढत, कुंझुम खिंड ओलांडून आम्ही मनालीला उतरलो, त्या सगळ्या वाटेवर तोच भेटत राहिला. कधी दगड होऊन, कधी भिंत होऊन, कधी देव होऊन. शेवटी तर त्यानं आमची गाडीच अडवली. पण ते नंतर.

रामपूरपर्यंतचा रस्ता सोडून देतो, तिथं वळणांशिवाय काही नाही, आणि तुमच्या आजीला त्या वळणांबद्दल बोललेलं आवडत नाही. खरी मजा किन्नौरमध्ये. सतलज खाली इतक्या खोल की तिचा आवाज येतो पण पाणी दिसत नाही, आणि रस्ता उभ्या कातळात कोरून काढलेला, वरचा खडक पार टपावर आलेला. देवदार, सफरचंदाच्या बागा, पुढे चिलगोज्याची झाडं. मग पूह गाव मागे पडलं आणि तासाभरात हिरवा रंग संपला. पिवळे, तपकिरी, राखाडी डोंगर आणि वर गडद निळं आभाळ, बस्स.

का संपला म्हणता? महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि तिथून थोडं पूर्वेला, माण-खटावात, पाचशेच्या आसपास. ढग डोंगर चढतो, वर जाता जाता हवा थंड होते, तिला बाष्प धरवत नाही, ते तिथंच सांडतं. पलीकडे उतरणारी हवा कोरडी. हे करायला सह्याद्रीची हजार-चौदाशे मीटरची उंची पुरते, तर पाच-सहा हजार मीटरच्या हिमालयापुढे बिचाऱ्या मान्सूनचं काय चालणार? तो शिमल्याकडच्या उतारांवरच रिकामा होतो. स्पितीला पाणी मिळतं ते मुख्यतः हिवाळ्यातल्या बर्फाचं, आणि ते बर्फ आणणारी वादळं उठतात पार भूमध्य समुद्राच्या बाजूला. भूमध्य समुद्र लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.

खाबला स्पिती नदी सतलजला मिळते. तिथून वर चढलं की नाको, आणि पुढे मुख्य रस्ता सोडून आत गेलं की तिबेटच्या सीमेला टेकलेलं ग्यू. पाचशे वर्षं बसलेला माणूस तो इथला. गुडघे छातीशी घेऊन बसलेले एक लामा, दात शाबूत, डोक्यावर थोडे केससुद्धा. गावकरी त्यांना संघा तेनझिन म्हणतात. इजिप्तमध्ये मसाले, लेप, पट्ट्या असा केवढा खटाटोप करत. इथं रसायनाचा थेंब नाही. कुजवायचं काम करतात जिवाणू, आणि जिवाणूंना लागतं पाणी. कोरडी, गार हवा, त्यात ध्यानाला बसून अन्नपाणी तोडत नेलेलं कृश शरीर. कुजण्याआधी वाळलं.

हे लामा ज्या स्तूपात होते तो १९ जानेवारी १९७५ च्या भूकंपात फुटला, म्हणून ते जगाला दिसले. ६.८ तीव्रतेचा तो भूकंप किन्नौर-स्पितीनं अजून विसरलेला नाही. ताबोच्या मठालाही त्यात तडे गेले.

ताबो! इथं चिखलानं कमाल केली आहे. बाहेरून पाहिलं तर तुम्ही म्हणाल, हा काय मठ, ही तर वाळत घातलेली मातीची ढेकळं. ९९६ साली गुगे राज्याच्या येशे-ओ या राजानं तो बांधवला. म्हणजे आपल्या ज्ञानेश्वरांच्या जन्माआधी पावणेतीनशे वर्षं. कच्च्या विटांच्या दोन हात जाड भिंती, वर सपाट मातीचं छप्पर. आत पाऊल टाकलं की पहिली दोन मिनिटं काही दिसतच नाही. मग छतातल्या झरोक्यातून येणाऱ्या उजेडाला डोळे सरावतात आणि लक्षात येतं की आपण एकटे नाही. चारी भिंतींतून, जमिनीपासून पुरुषभर उंचीवर, जवळजवळ माणसाएवढ्या मूर्ती अंग बाहेर काढून बसल्या आहेत. एकीच्या बोटांची ठेवण पाहत मी कितीतरी वेळ उभा होतो. नखांच्या कडासुद्धा नीट उठवलेल्या. आणि हे सगळं मातीचं! खालच्या भिंतींवर चित्रं, त्यांतले निळे-तांबडे रंग अजून ताजे. फोटो काढू देत नाहीत, ते बरंच आहे. नाहीतर मी बोटं पाहिलीच नसती.

कोकणात अशी उघडी मातीची भिंत पहिल्याच पावसाळ्यात बसली असती. ताबोची हजार वर्षं उभी आहे, कारण पाऊस पलीकडे अडवला जातो. म्हणजे मठ राजानं बांधला खरा, पण सांभाळला डोंगरानं. हल्ली तिथंही कधीकधी अवेळी जोराचा पाऊस पडतो आणि छपरं ठिबकतात. मातीच्या छपराला बर्फ चालतं, ते फावड्यानं ढकलून देता येतं. पावसाचं काय करणार?

आता डोंगराकडे वळू. ताबोहून काझाकडे निघालं की पलीकडच्या कड्यावर थर दिसायला लागतात. काळे, करडे, पिवळट, एकावर एक. पण आडवे नाहीत हं. कुठं तिरपे, कुठं उभे, कुठं नऊवारीच्या निऱ्यांसारखे दुमडलेले. कातळ दुमडायला किती जोर लागत असेल! त्या जोराची गोष्ट कळली ती लांगझा गावात.

लांगझा सुमारे ४,४०० मीटरवर आहे. चार पावलं चाललं की थांबायचं. आजी ज्या घरी उतरली तिथल्या बाईंना म्हणाली, "डाळ मी शिजवते," आणि तासभर चुलीपुढे बसली. पाणी उकळतंय, डाळ मात्र टणक. हवेचा दाब कमी, म्हणून पाणी तिथं ८५-८६ अंशांवरच उकळायला लागतं आणि त्याहून जास्त तापतच नाही. बाईंनी मुकाट्यानं कुकर पुढे केला. त्या स्वतः पाठीवर गवताचा भारा घेऊन चढ चढत होत्या आणि बोलतही होत्या. आपण अशा उंचीवर राहिलो तर शरीर तांबड्या पेशी वाढवत सुटतं, रक्त दाट होतं. तिबेटी वंशाच्या लोकांत एका जनुकाचं वेगळं रूप आहे, ते रक्त फार दाटू देत नाही. आणि ते त्यांना मिळालंय डेनिसोवा नावाच्या, केव्हाच लुप्त झालेल्या मानवजातीकडून. असो, तो माणसांचा भाग झाला.

गावाच्या डोक्यावर बुद्धाची मोठी मूर्ती आहे, आणि गावाभोवतीच्या ओढ्यांत काळ्या भुसभुशीत मातीचे उतार. त्या मातीतून लिंबापासून नारळापर्यंतच्या आकाराचे गोल काळे गोटे सुटून खाली येतात. एका मुलानं असा एक फुटका गोटा माझ्या हातावर ठेवला. दोन भकलं. एकात ठसा, दुसऱ्यात साचा. मधोमध घट्ट वळलेली चकली, तिच्यावर काठाकडे जाताना दुभंगणाऱ्या बारीक फासळ्या, जिथं फासळी तुटली तिथं चमक.

अमोनाइट. माकूळ माहीत आहे ना, मासळीबाजारातलं? त्याचा शंखवाला भाऊबंद. शंखात कप्पे असायचे. पुढच्या कप्प्यात स्वतः राहायचा, मागच्यांत हवा भरून पाण्यात तरंगायचा. मेला की तळाच्या चिखलात रुतायचा. तो कुजताना त्याच्या भोवतीचा चिखल आसपासच्यापेक्षा लवकर आणि पक्का घट्ट होत गेला, त्याचाच हा गोटा. बाकीच्या चिखलाचा ठिसूळ काळा खडक झाला. भूशास्त्रज्ञ त्याला ‘स्पिती शेल’ म्हणतात. वय साधारण पंधरा कोटी वर्षं.

म्हणजे लांगझा हा समुद्राचा तळ होता! जवळचा समुद्र हजार किलोमीटरहून लांब, आणि आम्ही त्याच्या तळावर, चार किलोमीटर उंचीवर, दम खात बसलो होतो. त्या समुद्राला एदुआर्द स्यूस या शास्त्रज्ञानं १८९३ साली टेथिस नाव दिलं. त्याच्या एका काठाला आशिया, दुसऱ्या काठाला आपला भूखंड, तेव्हा पार दक्षिणेत. मग आपला भूखंड सुटला आणि उत्तरेला निघाला. वाटेत, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, त्याच्या पाठीवर लाव्हा उसळला. आपला सह्याद्री त्याच लाव्ह्यातून कोरला गेलाय. रायगडाचा कातळ थंड होत होता तेव्हा लांगझाच्या जागी अजून पाणी होतं. जगातले शेवटचे अमोनाइट संपले तेही त्याच सुमारास, डायनोसॉरांबरोबर. नंतर कधीतरी पाचेक कोटी वर्षांपूर्वी टक्कर झाली, समुद्र मिटला, तळाचा चिखल दुमडत वर आला. टेथिसचा राहिलेला तुकडा म्हणून शास्त्रज्ञ बोट दाखवतात ते भूमध्य समुद्राकडे. हं, तोच, स्पितीला बर्फ पाठवणारा!

टक्कर संपलेली नाही. हिमालयात जमीन अजून वर्षाला दोनेक सेंटिमीटर आवळली जाते. तो ताण साठतो आणि मधूनच सुटतो.

गोटा पाहून तुमची आजी काय म्हणाली असेल? "अहो, हा तर शाळिग्राम!" अगदी बरोबर. देवघरातला आपला शाळिग्राम नेपाळातल्या गंडकीतून आलेला, आणि तिथले शाळिग्राम ज्या काळ्या खडकातून सुटतात तो याच स्पिती शेलचा सख्खा भाऊ. पुराणात म्हटलंय की वज्रकीटक दगड पोखरतो आणि आत चक्र उमटतं. दगडात एक जीव राहून गेला, एवढं तर त्या सांगणाऱ्यांनीही ओळखलं होतं. आजी मुलाला म्हणाली, "ठेव बाबा जिथला तिथे." तो थोडा हिरमुसला, कारण प्रवासी विकत घेतात. पण असेच सगळे नेत राहिले तर तो उतार रिकामा व्हायचा.

स्पितीतल्या या थरांची पहिली नीट वही मांडली फर्डिनंड स्टोलिच्का यानं. मोरावियातला हा तरुण १८६२ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात आला आणि सतलजवरच्या वांगतू पुलापासून स्पिती ओलांडून सिंधूपर्यंत चालत थर नोंदवत गेला. ना रस्ता, ना नकाशा धड. त्यानं थरांना नावं दिली ती इथल्या गावांची, मुथ, कुलिंग, लिलांग. अजून तीच चालतात. १८७४ साली यारकंदहून परतताना लडाखमधल्या मुर्गो इथं उंचीच्या आजारानं तो गेला, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी. लेहमध्ये त्याचं स्मारक आहे. मला विचाराल तर त्याची गोष्ट शाळेच्या पुस्तकात हवी.

‘की’ मठाचं वर्णन मी करणार नाही, त्याचा फोटो तुम्ही शंभरदा पाहिलाय. धनखरचं मात्र सांगतो. पिन आणि स्पितीच्या संगमावर, तीनेकशे मीटर उंच सुळक्यांच्या दातांत अडकवलेला मठ. हे सुळके अखंड कातळाचे नाहीत, माती आणि गोट्यांचा गच्च गाळ आहे तो. वारा आणि बर्फाचं पाणी रोज थोडा थोडा खातं. २००६ साली धोक्यातल्या शंभर जागतिक वारसास्थळांच्या एका यादीत धनखर होतं. तिथल्या गच्चीवर मी फार पुढे गेलो नाही.

कुंझुम खिंड साडेचार हजार मीटरच्या वर आहे. वर देवीचं ठाणं, पताका, आणि प्रत्येक गाडी त्याला प्रदक्षिणा घालूनच पुढे जाते. या खिंडीवर पाणी वाटलं जातं. मागे वळलेला थेंब स्पितीतून सतलजेत आणि भाक्राच्या जलाशयात. पुढे उतरलेला थेंब चंद्रा नदीत, म्हणजेच चिनाबेत. थेंबाबरोबर चिखलही चालू लागतो.

चिखलानं गाडी अडवली ती खिंड उतरल्यावर, बातलच्या पुढे. दुपारचे तीन वाजले होते. रस्ता ओलांडून जाणारा नाला राखाडी होऊन फुगला होता, आणि पाण्याखालून दगड गडगडत गेल्याचा धडधडाट येत होता. ड्रायव्हरनं काठी बुडवून पाहिली आणि गाडी मागं घेतली. "अब नहीं, बाबूजी. सुबह." दिवसभराच्या उन्हानं वितळलेलं बर्फाचं पाणी दुपारनंतर इथवर पोचतं. रात्री वर सगळं गोठतं, म्हणून नाला ओलांडायचा तो पहाटे. आम्ही परत बातलला येऊन मुक्काम केला. सकाळी सहाला तोच नाला घोट्याएवढा, नितळ. आदल्या दिवशी त्यानं आणून टाकलेले दगड बाजूला करण्यातच अर्धा तास गेला.

दुपारचं ते राखाडी पाणी कुठं जातं? वाटेत धरणं त्यातला बराच गाळ अडवतात. भाक्राचा जलाशय त्यानं भरत चाललाय. पण धरणं कालची. त्याआधी कोट्यवधी वर्षं सिंधूनं हिमालयाचा चिखल अरबी समुद्रात ओतला, आणि तळाशी त्याचे काही ठिकाणी कित्येक किलोमीटर जाडीचे थर बसलेत. आपल्याच समुद्रात.

मग त्याचा परत डोंगर होईल का, म्हणता? त्यासाठी आणखी एखादा भूखंड येऊन धडकायला हवा. तर ऐका. पूर्व आफ्रिकेचा सोमालियाकडचा तुकडा आताच मुख्य खंडापासून वर्षाला काही मिलिमीटर सुटतोय. काही शास्त्रज्ञांनी २०२१ साली गणित मांडलंय की सुमारे वीस कोटी वर्षांनी तो येऊन धडकेल तो थेट भारताच्या पश्चिम किनाऱ्याला. त्यातून जे डोंगर उठतील त्यांना नावसुद्धा देऊन ठेवलंय, सोमालय!