चिठ्ठीवर लिहून दिलेले चालणे

डॉक्टरांनी दिलेल्या चिठ्ठीला आपल्या खेड्यांत केवढा मान असतो! ती घडी घालून खिशात किंवा पदराच्या गाठीत जपली जाते. औषधे संपली तरी पुढल्या खेपेपर्यंत ती प्रार्थनेच्या पुस्तकात सांभाळून ठेवणारी घरे आहेत. गोळी जेवणाआधी घ्यावयाची की नंतर, याची दोनदा चौकशी होते. परंतु त्याच डॉक्टरांनी चिठ्ठी हाती देता देता, ‘आणि हो, थोडे चालत जा,’ असे जे तोंडी सांगितलेले असते, ते मात्र दवाखान्याच्या पायरीवरच राहून जाते. गोळी ही आज्ञा आणि चालणे हा नुसता उपदेश, असा भेद आपण नकळत करून ठेवला आहे. हा भेद मोडावयाचा तर डॉक्टरांनी व परिचारिकांनी काय करावे, हा प्रश्न केवळ त्यांचा नव्हे. दवाखान्यात गेल्यावर कोणती गोष्ट हक्काने मागून घ्यावी, हे रुग्णालाही ठाऊक असले पाहिजे.

हालचालीचे मोल वैद्यकशास्त्राने मोजून पाहिले ते तसे फार पूर्वी नव्हे. लंडनचे डॉ. जेरेमी मॉरिस यांनी तेथील दुमजली बसगाड्यांच्या नोकरवर्गाची पाहणी केली आणि तिचे निष्कर्ष १९५३ साली प्रसिद्ध झाले. चालक दिवसभर आपल्या जागी बसून. वाहक मात्र तिकिटांसाठी जिना चढत-उतरत, दिवसाकाठी ५०० ते ७५० पायऱ्या सहज होत. दोघांचे खाते एकच, राहणीही बरीचशी सारखी. तरी वाहकांना हृदयविकार कमी होई, आणि झालाच तर तो बहुधा सौम्य असे. त्याच सुमारास हृदयविकाराच्या रोग्याला आठवडेच्या आठवडे अंथरुणावर निश्चल ठेवण्याचा प्रघात होता. बोस्टनचे डॉ. सॅम्युएल लेव्हिन व डॉ. बर्नार्ड लाउन यांनी १९५२ साली अशा रोग्यांना लवकर उठवून आरामखुर्चीत बसविण्याचा उपचार पुढे मांडला, तेव्हा तेवढेही पुष्कळांना धाडसाचे वाटले. आज इस्पितळात झटक्यानंतर लवकरच रोग्याला उठवून, देखरेखीखाली, चार पावले टाकावयास लावतात.

शास्त्र पुढे गेले. आपल्या घरांतील माया मात्र अजून जुन्या अंथरुणाशेजारीच बसली आहे. आईला मधुमेह निघाला किंवा गुडघे दुखू लागले, की मुलगे पहिली गोष्ट कोणती करतात? ‘आई, आता तू नुसती बसून राहा.’ सून हातातली घागर काढून घेते, नातवंडे पाणीसुद्धा जागेवर आणून देतात, आणि ज्या बाईने चाळीस वर्षे शेत, गोठा व चूल सांभाळली, ती दोन वर्षांत खाटेवरून उठताना भिंतीचा आधार शोधू लागते. यात कोणाचाही दुष्ट हेतू नाही. म्हाताऱ्या माणसाला काम करू देणे म्हणजे घराण्याची अब्रू जाणे, अशी आपली समजूत आहे. वडील पायी बाजारात दिसले तर शेजारी विचारतात, ‘मुलाची मोटारसायकल बिघडली काय?’ अशा ठिकाणी मुलाचा किंवा सुनेचा शब्द चालत नाही. डॉक्टरांचा चालतो. म्हणूनच डॉक्टरांनी हे वाक्य रुग्णाला एकट्याला न सांगता, सोबत आलेल्या मुलाच्या देखत सांगावे, असे आम्हांस वाटते. ‘आईंना बसवून ठेवू नका, गुडघ्याला विश्रांतीपेक्षा मांडीच्या बळकट स्नायूंची गरज आहे,’ एवढे बोलणे घरातील वारे फिरविण्यास पुरे होते.

तोंडी बोलण्यापेक्षा लेखी शब्द अधिक काम करतो, हे न्यूझीलंडमध्ये पद्धतशीरपणे आजमावून पाहिले गेले. तेथे १९९८ पासून ‘हिरवी चिठ्ठी’ या नावाची योजना चालू आहे. डॉक्टर किंवा परिचारिका रुग्णाशी बोलून, त्याला जमेल असा व्यायाम त्याच्याच संमतीने ठरवितात आणि औषधाप्रमाणे तो चिठ्ठीवर लिहून देतात. पुढे काही आठवडे कोणीतरी दूरध्वनीवरून चौकशी करते. वायकाटो प्रांतातील ४२ दवाखान्यांत, बैठे जीवन जगणाऱ्या ४० ते ७९ वयाच्या ८७८ रुग्णांवर या रीतीची परीक्षा झाली व २००३ साली तिचा वृत्तांत छापून आला. आठवड्याला अडीच तास व्यायाम करणाऱ्यांचे प्रमाण वर्षभराने, चिठ्ठी मिळालेल्या गटात शेकडा सुमारे १५ने वाढले. नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटात शेकडा ५ने. म्हणजे दहा चिठ्ठ्यांमागे एक माणूस अधिक उठला. हा चमत्कार नव्हे. परंतु कागदाचा एक तुकडा आणि थोडी मिनिटे एवढ्याच खर्चात दहांतला एक उठत असेल, तर तो सौदा कोण नाकारील? रोज घ्यावयाच्या कित्येक औषधांचा हिशेब याहून मोठा नसतो.

चिठ्ठीइतकेच, किंबहुना तिच्याहून अधिक, महत्त्व तिच्याआधी होणाऱ्या संभाषणाला आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी दारूच्या आहारी गेलेल्यांशी कसे बोलावे याविषयी १९८३ साली एक पद्धत मांडली. पुढे ती इतर आजारांतही वापरात आली. तिचे सार असे, की रुग्णाला दटावू नये, वाद घालू नये, त्याला विचारावे. तुम्हांला स्वतःला काय जमेल? कशामुळे अडते? बरे झाल्यावर काय करावेसे वाटते? माणूस दुसऱ्याने दिलेली कारणे झटकून टाकतो, पण स्वतःच्या तोंडून निघालेले कारण सहसा विसरत नाही. आपल्या वाचकांना येथे बेथेस्दाच्या तळ्याकाठचा, अडतीस वर्षे आजारी असलेला मनुष्य आठवेल. प्रभु येशूने त्याला उठून बाज उचलण्यास सांगितले हे सर्वांच्या ध्यानात असते. त्याआधी त्याने बरे होण्याची इच्छा आहे काय असे विचारले होते, हे पुष्कळदा निसटते.

आता आपल्या जवळची गोष्ट. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण सर्वांत जास्त आढळले ते गोव्यात: प्रौढांत शेकडा २६हून अधिक, साऱ्या देशाचे प्रमाण शेकडा ११च्या आसपास होते. परंतु मधुमेहाच्या उंबरठ्यावरील माणसाला मागे वळविता येते, हे चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले आहे. उंबरठ्यावरील ५३१ जणांपैकी काहींना केवळ नेहमीचा सल्ला मिळाला. काहींना आहाराचे मार्गदर्शन व रोज निदान अर्धा तास भरभर चालण्याची सूचना. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात तीन वर्षांत पहिल्या गटातील शंभरांपैकी ५५ जणांना मधुमेह झाला, दुसऱ्यातील ३९ जणांना. गोळी देऊन पाहिलेल्या गटालाही जवळजवळ तेवढाच लाभ झाला, अधिक नाही. पुढे २०१३ मध्ये त्यांनीच नोकरदार पुरुषांना मोबाईलवर नियमित संदेश पाठवून पाहिले, आणि तेथेही दोन वर्षांत मधुमेहाचे प्रमाण शेकडा २७वरून १८वर आलेले दिसले. आठवण करून देणारा कोणी असला, की पाय उचलतात.

येथे शेतकरी वाचक म्हणेल, ‘आम्ही दिवसभर राबतो, आम्हांला चालणे कसले शिकविता?’ त्याचे म्हणणे रास्त आहे. चेन्नईच्या प्रयोगातही कष्टाचे काम करणाऱ्यांना नेहमीचे कामच चालू ठेवण्यास सांगितले होते. मात्र हंगाम संपल्यावर, नांगराऐवजी ट्रॅक्टर आल्यावर, मुलगा आखातात गेल्यावर व शेत पडीक राहिल्यावर तो पूर्वीइतका राबतो काय, हे डॉक्टरांनी विचारून घ्यावे. नोव्हेंबरअखेर संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्तासाठी जुन्या गोव्यास पायी जाणारे भाविक आपल्यांत आहेत. त्यांतलेच काही एरवी दोन फर्लांगांवरील चर्चमध्ये मिस्सेला मोटारसायकलवरून येतात, हेही आपण पाहतो.

बायकांच्या अडचणी वेगळ्या. ‘पहाटे फिरावयास जा,’ असे सांगणाऱ्या डॉक्टरांना त्या रस्त्यावरील कुत्री, अंधार आणि घरातील पहाटेची कामे ठाऊक नसतात. दोघी-तिघींनी मिळून रोझरीच्या आधी चर्चच्या आवारात फेऱ्या घालणे यापेक्षा सोपे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचे मध्यम श्रम सुचविले, आणि सलग दहा मिनिटे तरी हवीत ही जुनी अट वगळली. तेव्हा थोड्याथोड्या फेऱ्याही हिशेबात धराव्यात. उपकेंद्रातील परिचारिका, आणि जेथे आहेत तेथे आशा कार्यकर्त्या, यांना गावचा रस्ता माहीत असतो. चिठ्ठीवर कोठे व केव्हा चालावे हे लिहिण्यास त्यांच्याइतके योग्य कोणी नाही.

दक्षताही चिठ्ठीतच लिहिलेली असावी. चालताना छातीत दाब किंवा घेरी आली तर तत्काळ थांबून मदत बोलवावी. इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात थोडी साखर ठेवावी. मधुमेह्यांनी अनवाणी चालू नये, आणि घरी आल्यावर तळपाय पाहावेत, कारण तेथील जखम दुखतेच असे नाही. गुडघे धरलेल्या बाईच्या चिठ्ठीवर पहिल्या आठवड्यासाठी इतकेच असले तरी चालेल: सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटे अंगणात चालणे, खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठणे-बसणे, नाही जमले तर पाच वेळा. आणि पुढल्या खेपेस डॉक्टरांनी रक्तदाब मोजण्याआधी त्याविषयी विचारावे. त्यांनी न विचारल्यास सोबत आलेल्या मुलाने ती चिठ्ठी टेबलावर ठेवावी.