रुग्णाचें गुपित

वैद्याला सांगितलेली गोष्ट त्याच्यापाशींच राहील, या भरंवशावर रुग्ण आपलें दुखणें सांगत असतो. पूर्वीं ही गोष्ट कागदावर लिहिली जाई व तो कागद कपाटांत पडून राही. आतां ती संगणकांत असते, आणि मोठ्या रुग्णालयांतील शेंकडों माणसें आपापल्या जागेवरून ती उघडूं शकतात.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील रुग्णालयांत सुप्रसिद्ध नटी फॅरा फॉसेट ही कर्करोगावर उपचार घेत होती. तिच्या प्रकृतीचें वृत्त एका साप्ताहिकांत येऊं लागलें, तेव्हां तिला रुग्णालयांतीलच कोणाचा तरी संशय आला. २००७ सालीं रोग पुन्हां उलटल्याचें कळतांच तिनें ती बातमी बहुतेक आप्तेष्टांपासूनहि मुद्दाम लपविली. थोड्याच दिवसांत ती छापून आली! पुढें तेथील कचेरींत काम करणाऱ्या एका स्त्रीनें पैशासाठीं माहिती पुरविल्याचा गुन्हा न्यायालयांत कबूल केला. जी पाळत रुग्णालयानें ठेवावयाची, ती बिचाऱ्या रुग्णाला ठेवावी लागली.

येथें कुलूप तुटलें नव्हतें. ज्याच्या हातीं किल्ली त्यानेंच पेटी उघडली होती. मग किल्ल्याच कमी कराव्यात, असें कोणी म्हणेल. परंतु मध्यरात्रीं बेशुद्ध स्थितींत आणलेल्या रुग्णाला कोणतें औषध सोसत नाहीं, हें पाहण्यासाठीं परिचारिकेनें परवानगीची वाट पाहत बसावें काय? तेव्हां दार मोकळें ठेवून आंत कोण गेलें हें टिपणें, हाच मार्ग उरतो. कोणी, केव्हां, कोणाची नोंद उघडली, हें संगणक आपोआप टिपीत असतो. अमेरिकेंत कायद्यानेंच तशी सक्ति आहे. अडचण निराळीच आहे. हीं टिपणें इतकीं सांचतात कीं, तीं कोणी वाचीतच नाहीं. आणि न वाचलेली वही म्हणजे झोपलेला पहारेकरी. म्हणून तीं चाळण्याचें कामहि आतां यंत्राकडे देतात. रुग्ण व कर्मचारी यांचें आडनांव एकच आहे काय, पत्ता शेजारचा आहे काय, रुग्ण त्या कर्मचाऱ्याच्या विभागांत होता काय, हें तें ताडून पाहतें. (पैशापेक्षां निव्वळ कुतूहलानेंहि पुष्कळांचा हात तिकडे जातो.) निवाडा मात्र माणसानेंच केला पाहिजे; कारण एका रात्रीपुरती दुसऱ्या विभागांत बदलीवर गेलेली परिचारिका यंत्राला चोरासारखीच दिसते.

अशाच तक्रारींच्या चौकशीअंतीं २०११ सालीं त्या विद्यापीठाच्या रुग्णालयसंस्थेनें अमेरिकन सरकारशीं तडजोड करून ८,६५,५०० डॉलर भरले, आणि सुधारणेच्या कामावर तीन वर्षें स्वतंत्र निरीक्षक नेमण्याचें मान्य केलें. फॅरा फॉसेट २००९ सालींच वारली होती.