दांड्यांची फुलशेती (लेखांक ९) : स्टॅटिसचा रंग फुलात नसतो

स्टॅटिसची एक काडी घ्या आणि तिच्यावरचं एकच फूल नखानं सुटं करून बघा. बाहेर जांभळी, कुरकुरीत, कागदासारखी टोपी दिसेल आणि तिच्या आत मधोमध इवलंसं पांढरं काहीतरी. ते पांढरं म्हणजे खरं फूल. दोन-चार दिवसांत ते कोमेजतं, गळतं, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. आपण पैसे मोजतो ते जांभळ्या टोपीचे. वनस्पतिशास्त्रात तिला निदलपुंज म्हणतात. वांग्याच्या माथ्यावरचा काटेरी हिरवा भाग तोच. वांग्यात तो हिरवा आणि जाडसर, स्टॅटिसमध्ये पातळ, कोरडा आणि रंगीत.

गेल्या आठवड्यात जिप्सोफिला पाहिला, आज त्याच्या शेजारी बसणारं हे दुसरं फिलर, म्हणजे गुच्छातली मोकळी जागा भरणारं फूल. शास्त्रीय नाव लिमोनियम सिन्युएटम. लागवड कशी करायची ते पुढे सांगतोच, पण टोपीची गोष्ट आधी सांगण्याला कारण आहे. काडी कधी कापायची, सुकवल्यावर रंग का राहतो, या दोन्हींची उत्तरं त्या टोपीत आहेत.

झाडानं ही टोपी आपल्या फुलदाणीसाठी बनवलेली नाही. स्टॅटिस चित्रकाच्या कुळातलं. चित्रकाच्या फुलाखालच्या नळीवर चिकट ग्रंथी असतात. झुडपाला घासून गेलं की ती कपड्यांना चिकटते आणि बी आपल्यासोबत गावभर फिरतं. स्टॅटिसनं त्याच अवयवाकडून वेगळं काम करून घेतलं. आत बी तयार झालं की टोपी त्याला धरून राहते आणि वाऱ्यावर घेऊन जाते. वाऱ्यावर तरंगायचं तर हलकं हवं, आणि बी पिकेपर्यंत टिकायचं तर नासून चालणार नाही. म्हणून ती जन्मतःच जवळजवळ कोरडी असते. गुलाबाची पाकळी सुकते म्हणजे तिच्यातलं पाणी जातं, ती आक्रसते आणि काळवंडते. इथे जायला पाणीच फारसं नाही.

हे झाड भूमध्य समुद्राच्या काठचं. खडकाळ, वालुकामय, खारट जमिनीत ते आपोआप उगवतं. पानांवर मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात. मुळांनी घेतलेला जादा क्षार झाड पानांवाटे काढून टाकतं. हे वाचून कोकणातला एखादा बागायतदार म्हणेल, मग हे आमचंच पीक! दुर्दैवानं तसं नाही. भूमध्य समुद्राकाठी पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा खडखडीत कोरडा असतो. फुलं धरायच्या काळात तिथली हवा कोरडी होत जाते. कोकणात हवेतला दमटपणा बाराही महिने सुटत नाही, आणि हिवाळ्यातल्या रात्रीही उबदार असतात. समुद्र दोन्हीकडे आहे, हवा मात्र वेगळी. स्टॅटिसला मानवते ती घाटमाथ्यापलीकडची, देशावरची.

क्षाराचं बोलणं निघालंच आहे तर सांगली-कोल्हापूरकडच्या वाचकांसाठी एक इशारा. उसाच्या पाण्यानं क्षारपड झालेल्या जमिनीत हे फूल येईल का? निव्वळ क्षार ते सोसतं. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या रिव्हरसाईड इथल्या क्षारता प्रयोगशाळेत खारं पाणी देऊन ते वाढवून पाहिलेलं आहे. झाड तगलं, फुललं, पण खारटपणा वाढला तसा दांडा आखूड होत गेला. आणि कट फ्लॉवरमध्ये भाव दांड्याच्या लांबीला असतो. शिवाय आपल्याकडची क्षारपड जमीन बहुतेकदा पाणथळही असते, आणि पाणी साचलेलं स्टॅटिसला मुळीच चालत नाही. मूळ कुजतं. निचऱ्याची सोय झालेली, थोडीफार खारवट जमीन असेल तर एखादा वाफा करून पाहावा. चिबड रानात मात्र हा नाद करू नये.

आता थंडी. या पिकात पैसे मिळतात की नुसता पाला, हे थंडी ठरवते. स्टॅटिसचं रोप आधी जमिनीलगत पानांचा गोल घेर धरतं, मुळ्याच्या पाल्यासारखा. त्या घेरातून दांडा वर येण्यासाठी कोवळ्या वयात काही आठवडे १० ते १३ अंश सेल्सिअसच्या आसपासची थंडी लागते. कांदा करणाऱ्यांना हे वेगळं समजावायला नको. थंडी जास्त लागली की कांद्याला डेंगळे येतात आणि शेतकरी कपाळाला हात लावतो. स्टॅटिसमध्ये आपल्याला नेमके डेंगळेच हवे असतात. थंडी कमी पडली की पानांचा घेर ताटाएवढा होतो, हिरवागार, दिसायला झोकदार. दांडे मात्र तुरळक आणि उशिरा.

यात एक पेच आहे. थंडी मिळाल्यावर लगोलग कडक उष्मा, म्हणजे ३० अंशांच्या वर, सोसावा लागला तर मिळालेल्या थंडीचा परिणाम पुसला जाऊ शकतो. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं सरासरी किमान तापमान ११-१२ अंशांच्या घरात असतं. नाशकातही थंडी चांगली. पण दुपारी पारा २९-३० पर्यंत जातो. म्हणजे आपण काठावर उभे आहोत. रात्र पास, दिवस जेमतेम. पाचगणी-महाबळेश्वरच्या पठारावर दुपारही सौम्य असते, त्यामुळे स्ट्रॉबेरी करणाऱ्या त्या पट्ट्यात मी हे पीक आधी करून बघेन. विदर्भात रात्री गारठा असतो, पण फेब्रुवारी संपता संपता ऊन असं चढतं की काढणीचा काळ फार आखडतो.

जपाननं हा पेच वेगळ्या वाटेनं सोडवला. तिथे वाकायामा प्रांत स्टॅटिसच्या उत्पादनात सर्वात पुढे आहे, आणि बुद्धमूर्तीपुढच्या व थडग्यांवरच्या फुलांमध्ये याला कायम मागणी असते, कारण ते टिकतं. तिथले शेतकरी निसर्गाच्या थंडीची वाट पाहत बसत नाहीत. रोपांना गार खोलीत थंडी देऊन घेतात आणि मग शरदात लावतात, त्यामुळे हिवाळाभर फुलं कापता येतात. आपल्याकडे शीतगृह जवळ असलेल्या एखाद्या गटानं ट्रेमधल्या रोपांवर हा प्रयोग करायला हरकत नाही. एकट्यादुकट्यानं मात्र त्या खर्चात पडू नये. थंडीची गरज कमी असलेले वाण आता मिळतात; बियाणं घेताना दुकानदाराला रंगाआधी हा प्रश्न विचारावा.

बियाणं दोन तऱ्हांचं असतं. टोपीसकट असलेलं खरबरीत बी, आणि टोपी काढून साफ केलेलं. साफ केलेलं महाग वाटलं तरी तेच घ्यावं, कारण टोपीत दाणा भरला आहे की नाही याचा अंदाज येत नाही आणि उगवण पुढेमागे होते. सप्टेंबरच्या मध्यावर कोकोपीट भरलेल्या प्रो-ट्रेमध्ये एका खणात एक बी टाकून वर हलका थर द्यावा. १८ ते २१ अंश तापमान मिळालं तर आठवड्या-दोन आठवड्यांत उगवतं. हे झाड सोटमुळाचं आहे, त्यामुळे रोप ट्रेमध्ये रेंगाळू देऊ नये. मुळं खणात गोल फिरू लागली की ते रोप पुढे कितीही खाऊपिऊ घातलं तरी खुरटंच राहतं. पाच-सहा पानांवर, साधारण सहा आठवड्यांत, म्हणजे ऑक्टोबर संपता संपता ते गादीवाफ्यावर गेलं पाहिजे. तिथून पुढची सगळी थंडी त्याच्या वाट्याला येते. डिसेंबरात बी टाकणाऱ्याच्या रोपाला थंडी मिळते न मिळते तोच ऊन चढतं.

दोन रोपांत साधारण ३० सेंटिमीटर अंतर ठेवावं. दाट लावली तर पानांचे घेर एकमेकांवर चढतात, खाली ओल कोंडते आणि बुरशीला घर मिळतं. लावताना रोपाचा गाभा मातीत बुडता कामा नये, मातीच्या पातळीवर किंवा किंचित वर राहावा. मर होण्याचं निम्मं कारण इथेच असतं. ऊन पूर्ण हवं. शेडनेटखाली दांडा लवतो आणि रंग फिका पडतो. पॉलिहाऊस आधीच उभं असेल तर गोष्ट वेगळी, पण केवळ स्टॅटिससाठी ते उभारू नये. हे पीक तेवढे पैसे परत देईल असं मला वाटत नाही. अवकाळी पाऊस आला तर वाफ्यावर ओढता येईल असा प्लॅस्टिकचा साधा बोगदा पुरतो.

खताबाबत हात आखडता ठेवावा. नत्र सढळ दिलं की पाला माजतो आणि दांडा पोकळ, लेचापेचा होतो. पाणी ठिबकनं, सकाळी. फुलांवर कधीच नाही. दांडा वर आल्यावर पाणी कमी करत न्यावं. मावा, फुलकिडे, लाल कोळी हे नेहमीचेच पाहुणे. खरा शत्रू करडी बुरशी, म्हणजे बोट्रायटिस. फुलाची टोपी कोरडी असली तरी आतलं पांढरं फूल ओलं असतं; गळण्याआधी ते तिथेच सडलं की बुरशी तिथून पसरते. फेब्रुवारीत दोन दिवस ढगाळ राहिलं, पावसाची एखादी सर आली, की आधी फुलांचे झुपके उलगडून आत बघावं.

जानेवारी-फेब्रुवारीत पंखासारख्या हिरव्या पट्ट्या असलेले दांडे वर येतात आणि काढणी सुरू होते. इथे बहुतेकांचं नुकसान घाईपायी होतं. गुलाब कळी असताना कापतात, ग्लॅडिओलस खालच्या एक-दोन कळ्यांना रंग दिसताच कापतात, आणि पुढचं फुलणं फुलदाणीत होतं. स्टॅटिस कापल्यावर फुलत नाही. मिटलेली टोपी मिटलेलीच राहते, आणि कोवळ्या काडीचा शेंडा दुसऱ्या दिवशी मान टाकतो. दांड्यावरच्या बहुतेक टोप्या, पाचातल्या चार तरी, पूर्ण उघडून रंगल्या की मगच कात्री लावायची. उशीरही बरा नाही. खालच्या टोप्या उन्हानं फिकटतात आणि आतली पांढरी फुलं तपकिरी होऊन डागासारखी दिसतात. एका रोपावर दांडे पुढेमागे येतात, म्हणून त्याच वाफ्यावर दर तीन-चार दिवसांनी फिरावं लागतं. सगळं एकदम कापून मोकळं व्हायचा मोह आवरावा.

ताजा माल विकताना लक्षात ठेवायचं ते असं की टोपी टिकते, दांडा टिकत नाही. दांड्यावरच्या त्या हिरव्या पट्ट्या पाण्यात बुडाल्या की बुळबुळीत होतात आणि पाण्याला घाण वास सुटतो. गुच्छ करणारे डेकोरेटर स्टॅटिसबद्दल कुरकुरतात ती यापायी. बादलीत ठेवण्याआधी काडीचा खालचा वीतभर भाग साफ करावा, पाणी रोज बदलावं, त्यात घरगुती ब्लीचचे काही थेंब टाकले तरी चालतं. एवढं सांभाळलं तर काडी दहा-बारा दिवस सहज राहते. शीतगृहात २ ते ४ अंशांवर आणखी ठेवता येते, पण गड्डी आधी पूर्ण कोरडी करून. ओली गड्डी गार खोलीत ठेवणं म्हणजे बुरशीची शेती.

सुकवण्याचं काम सोपं आहे, आणि सोपं असल्यामुळेच ते गांभीर्यानं घेतलं जात नाही. नेहमीचा विचार असा असतो: मार्केट यार्डात भाव मिळाला तर ताजं विकू, उरलं तर सुकवू. उरलेला माल म्हणजे दोन दिवस बादलीत उभा राहिलेला, दांडा नासू लागलेला, काही टोप्या चुरगळलेल्या. तो सुकतो, पण सुकलेल्या मालात त्याला कुणी उचलत नाही. सुकवायचा माल शेतातच वेगळा काढावा. त्यासाठी टोप्या जवळजवळ सगळ्या उघडलेल्या हव्यात, म्हणजे ताज्या मालापेक्षा दोन-तीन दिवस उशिरा, दंव सुकल्यावर कापलेल्या. एका गड्डीत दहा-बारा काड्या. सुतळीऐवजी रबर बँड लावावा, कारण सुकताना दांडे आक्रसतात आणि सुतळीतून एकेक काडी खाली घसरते. गड्ड्या उलट्या टांगाव्यात, नाहीतर दांडा वाकलेलाच सुकतो.

जागा अंधारी आणि हवेशीर हवी. रंग टोपीतल्या रंगद्रव्याचा असतो. पाणी गेल्यानं तो जात नाही, उजेडानं जातो. पत्र्याच्या शेडमध्ये, खिडक्यांना गोणपाट लावून, दोन ते तीन आठवड्यांत काम होतं. दांडा वाकवल्यावर कटकन मोडला तर झालं. लवला तर आत ओल आहे. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चची हवा इतकी कोरडी असते की यासाठी ना यंत्र लागतं, ना ग्लिसरीन. जांभळा, निळा आणि पिवळा रंग सुकल्यावर सर्वात टवटवीत दिसतो. पांढरा जरा मळकट होतो.

अडचण येते ती जूनमध्ये. सुकलेली टोपी पावसाळी हवेतली ओल पुन्हा शोषते आणि आठवडाभरात बुरशीचा वास येतो. म्हणून मे संपायच्या आत माल वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात, खोकं प्लॅस्टिकमध्ये, आणि ते जमिनीपासून उंच, असं ठेवून द्यावं. गणपतीच्या मखरासाठी आणि दिवाळीच्या सजावटीसाठी तो तेव्हा बाहेर काढता येतो. देशातून सुकलेली फुलं परदेशी पाठवणारी मोठी केंद्रं म्हणजे तमिळनाडूतलं तुतिकोरिन आणि कोलकाता. तिथे कमळाच्या बोंडांसारख्या मालाची रेलचेल असते, आणि तिथल्या व्यापाऱ्यांना पाच-दहा गड्ड्यांत रस नसतो. पहिल्या वर्षी जवळच्या शहरातला सजावटवाला गाठावा, त्याला तीन रंगांच्या सुकलेल्या गड्ड्या दाखवाव्यात आणि त्याचं उत्तर ऐकूनच पुढच्या हंगामाचे वाफे मोजावेत.

पुढच्या लेखांकात याच कुळातलं, पण ऊतीसंवर्धित रोपांपासून लावायचं आणि वर्षानुवर्षं राहणारं लिमोनियम, म्हणजे बाजारातलं ‘मिस्टी ब्ल्यू’. त्याची थंडीची, खर्चाची आणि काढणीची गणितं स्टॅटिसपेक्षा बरीच वेगळी आहेत.