दुखण्यातली गोधडी

गोधडीला नावे पुष्कळ. खेड्यात ती वाकळ, तान्ह्या मुलाच्या अंगाखाली घातली की दुपटे. आपल्या सीमाभागातील कन्नड घरांत तिलाच कौदी म्हणतात आणि माळव्याच्या बाजारात तिची गुदडी होते. धार आणि देवास या माळव्यातल्या गावांत मात्र काही घरांतून अजून ‘गोधडी’ हाच शब्द ऐकू येतो. अठराव्या शतकात पवारांच्या दोन घराण्यांनी तिकडे राज्ये स्थापली, त्यांच्याबरोबर मराठी कुटुंबे गेली आणि तिथलीच झाली. १९४८ साली संस्थाने विलीन झाली. घरातली भाषा राहिली, आणि माळव्याच्या रात्री थंड असल्यामुळे गोधडीही राहिली.

गोधडी शिवायची कशी यावर पुष्कळांनी लिहिले आहे. ती शिवते कोण, याकडे फारसे कोणी पाहिलेले दिसत नाही. मुलेबाळे मोठी होऊन बाईच्या हाताला सवड मिळते ती पन्नाशी-साठीनंतर. नेमक्या त्याच वेळी शरीर कुरकुरू लागते. कोणाला आमवात, कोणाला मधुमेह, कोणाला मोतीबिंदू, एखादीचा एक हात अर्धांगवायूने लुळा पडलेला. मग घरातली माणसे म्हणतात, “अहो आई, राहू द्या आता, बाजारात ब्लँकेट मिळते.” बोलणे मायेचेच असते. पण त्या मायेपोटी त्या बाईच्या हातातले एकुलते एक स्वतःचे काम काढून घेतले जाते, आणि ते परत देण्याचे कोणाला सुचत नाही. हे काम खरोखर थांबवावे लागते काय, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

आधी काम नीट पाहू. घरातली जुनी लुगडी, धोतरे, चादरी धुऊन निवडायच्या. विरलेला भाग बाजूला काढून चांगला तुकडा कापायचा. रंग जुळवून तुकडे मांडायचे. खाली एक अखंड कापड अंथरून त्यावर थर रचायचे, कोपऱ्यांवर वजने ठेवायची आणि लांब लांब कच्चे टाके घालून सगळे जागच्या जागी धरायचे. त्यानंतर खरा धावदोरा. पुष्कळ ठिकाणी तो कडेने सुरू होतो आणि फिरत फिरत मध्याकडे येतो. हल्याळ-यल्लापूर भागातील सिद्दी बायकांची कवंदी अशीच कडेकडून आत शिवत नेतात आणि तिच्या कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची ‘फुले’ लावतात.

म्हणजे ज्याला आपण एका शब्दात ‘गोधडी शिवणे’ म्हणतो ती निदान सहा कामे आहेत: निवडणे, कापणे, मांडणे, थर धरणे, सुईत दोरा ओवणे आणि टाके घालणे. आम्हा कॉमर्सच्या विद्यार्थ्यांना ॲडम स्मिथची टाचणी पहिल्याच वर्षी भेटते. १७७६ साली त्याने दाखवून दिले की साधी टाचणी करण्यात अठराएक वेगवेगळ्या क्रिया आहेत आणि त्या वाटून घेतल्या तर उत्पादन कितीतरी पटींनी वाढते. स्मिथचे लक्ष उत्पादनावर होते. पण हीच विभागणी उलट्या बाजूनेही उपयोगी पडते. आजार सहाच्या सहा कामे एकदम बंद करीत नाही. बहुधा एखाददुसरेच बंद करतो. ते कोणते, हे शोधून तेवढेच दुसऱ्याच्या हाती दिले की बाकीची गोधडी त्याच बाईची राहते.

हातांच्या दुखण्यापासून सुरुवात करू. धारला आमच्या नात्यातल्या एक आजी आहेत. त्यांना बरीच वर्षे आमवात आहे. डॉक्टर ज्याला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो हा रोग. यात सांधे सुजतात, आणि सकाळी उठल्यावर बोटे तास-तासभर वळत नाहीत. त्यामुळे आजींची सुई सकाळी नसतेच. ऊन अंगणात आले, गरम पाण्याने हात शेकून झाले की त्या बसतात. धावदोऱ्यात हाताला सर्वांत जड जाते ते सुई टोचणे नव्हे, ती पलीकडून ओढून काढणे. चिमटीत धरून ओढताना सगळा ताण अंगठ्याच्या मुळाशी येतो. सरावलेली बाई एका वेळी सुईवर चार-पाच टाके भरते. दुखऱ्या हाताने एक किंवा दोनच भरावेत, म्हणजे सुई सुटायला जोर लागत नाही. आजी सायकलच्या जुन्या ट्यूबचा बोटभर तुकडा जवळ ठेवतात आणि सुई त्यात धरून ओढतात. रबरात सुई घसरत नाही, त्यामुळे ती घट्ट आवळावी लागत नाही. दोरा हातभरच घ्यायचा. लांब दोरा घेतला की दर टाक्याला खांदा उचलावा लागतो.

कापडाचाही यात मोठा वाटा आहे. वर्षानुवर्षे धुतलेल्या सुती लुगड्यातून सुई लोण्यासारखी जाते. नव्या खळीच्या कापडाला आणि नायलॉन-पॉलिएस्टरच्या साडीला ती अडते. गोधडीला जुनेच कापड घ्यायचे यामागे काटकसर आहे हे खरे, पण शिवणाऱ्या हाताचीही त्यात सोय आहे. आजच्या घरात जुन्या साड्या बहुतेक सिंथेटिक असतात, हे दुखऱ्या हातांचे दुर्दैवच म्हणायचे. अशा वेळी थर कमी करावेत. सहाऐवजी तीन थरांची गोधडी ऊब थोडी कमी देईल, पण पुरी होईल. शिवाय सगळी गोधडी मांडीवर ओढून बसण्याची गरज नाही. हात-दीड हाताचे चौकोन वेगवेगळे शिवावेत आणि शेवटी कोणाकडून तरी मशीनवर जोडून घ्यावेत. असे चौकोन खुर्चीवर बसून, पुढ्यात टेबल घेऊन शिवता येतात. गुडघे दुखणाऱ्यांना जमिनीवर बसण्याची सक्ती राहत नाही. एक हात लुळा असेल तर टेबलाच्या कडेला चिमट्याने कापड पक्के करावे. दुसऱ्या हाताचे धरण्याचे काम चिमटा करतो.

नजर मंद झाली असेल तर फिक्या कापडावर गडद दोरा वापरावा आणि आधी कापडाला नखाने घडी पाडून घ्यावी. ती रेघ बोटाला लागते. सुई ओवणे हे काम मात्र सरळ नातवंडांना द्यावे. सुट्टीत धारला गेलो की दहा सुया ओवून उशीला ओळीने टोचून ठेवणे हे माझे काम असे. दहा सुया म्हणजे आजींचा एक दिवस. एक दोरा संपला की त्या उठतात, चार पावले चालतात, बोटे उघडमीट करतात आणि मगच दुसरी सुई घेतात. दमल्यावर थांबायचे नाही, दमण्याआधी थांबायचे, हा नियम दीर्घ आजारात फार मोलाचा आहे. घड्याळापेक्षा दोरा तो बरा सांभाळतो.

एका बाबतीत मात्र सावध राहिले पाहिजे. मधुमेहात बोटांची संवेदना कमी झालेली असू शकते, आणि कुष्ठरोगाने मज्जातंतूंना इजा झाली असेल तर हाताला सुई टोचलेली कळतही नाही. वेदना नसणे हे इथे सुख नव्हे. जखम लक्षात येत नाही, चिघळते, आणि बोट जाण्याची वेळ येते. अशा माणसाने अंगुस्तानाशिवाय सुई धरू नये आणि काम संपल्यावर दोन्ही हात उजेडात तपासावेत किंवा दुसऱ्याला दाखवावेत. टाके घालणे धोक्याचे वाटले तर निवडणे आणि मांडणे आहेच. बाबा आमट्यांनी १९४९ साली वरोऱ्याजवळ आनंदवन सुरू केले, तिथे हातमागापासून अनेक उद्योग कुष्ठरुग्णांच्याच हातांनी चालत आले आहेत. ज्यांच्या हातांना टोचलेले कळत नाही त्यांच्याकडून हातकाम होणार नाही, ही समजूत तिथे केव्हाच मोडली.

छातीच्या दुखण्याची गोष्ट निराळी, आणि तिचे सर्वांत मोठे उदाहरण देवासलाच आहे. ते गोधडीचे नाही, गाण्याचे आहे. पण आपला मुद्दा तिथे अधिक स्पष्ट दिसतो. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीला १९२४ साली जन्मलेले शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ, म्हणजेच कुमार गंधर्व, ऐन उमेदीत क्षयाने आजारी पडले आणि कोरड्या हवेसाठी १९४८ च्या जानेवारीत देवासला येऊन राहिले. गायला सक्त मनाई होती. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध १९४३ साली सापडले होते, पण आपल्याकडे ते नुकतेच येऊ लागले होते. पाचएक वर्षे ते गाऊ शकले नाहीत. मग या काळात गाणे थांबले काय? गळा थांबला. कान थांबले नाहीत. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या कानी माळव्यातल्या बायकांची गाणी पडत, आणि ती ते मनात साठवीत. पुढे या लोकधुनांतूनच त्यांनी मालवती, सहेली तोडी असे ‘धुनउगम’ राग बांधले. १९६५ साली निघालेल्या त्यांच्या ‘अनूपरागविलास’ या ग्रंथाच्या मागे ही साठवण आहे. गोधडीच्या भाषेत सांगायचे तर टाके घालणे बंद होते तेव्हा निवडणे चालू होते. बरे झाल्यावरही एक फुप्फुस निकामीच राहिले. त्यांच्या गाण्यातल्या आखूड, झेपावणाऱ्या स्वरवाक्यांचा संबंध काही जाणकार या एका फुप्फुसाशी जोडतात. सर्वस्वी तसेच असेल असे मला वाटत नाही, कारण लांब दम नाही म्हणून कोणी आपोआप नवे सुचवीत नाही. पण मिळेल तेवढ्या श्वासात बसेल असा टाका त्यांनी शोधला, एवढे खरे. १९९२ साली देवासलाच त्यांचे निधन झाले.

त्या काळी क्षयावर पूर्ण विश्रांती हाच मोठा उपाय मानीत. मद्रासच्या क्षयरोग उपचार केंद्राने १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसून आले की औषधे नियमित घेतली तर घरी राहून उपचार घेणारे रुग्ण सॅनिटोरियममधल्या रुग्णांइतकेच बरे होतात. आजही ताप आणि अशक्तपणा असेतो विश्रांती हवीच. पण ‘क्षय झाला, आता हात लावू नकोस’ हे म्हणणे जुने झाले. फक्त जुने कापड झटकण्याचे काम दुसऱ्याने घराबाहेर करावे, कारण कापसाची धूळ छातीला वाईट. आणि वाकून बसू नये.

फ्रान्समधला चित्रकार आंरी मातीस तर गोधडीच्या अगदी जवळ येतो. १९४१ साली पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर त्याला फार वेळ उभे राहून रंगविणे झेपेना. त्याने हातात कात्री घेतली. मदतनीस कागद रंगवून देत, तो अंथरुणात किंवा चाकाच्या खुर्चीत बसून आकार कापी, आणि तो सांगेल तिथे मदतनीस ते भिंतीवर टाचण्यांनी लावीत. कापणे आणि मांडणे त्याचे, बाकीचे इतरांचे. ती चित्रे मदतनिसांची आहेत असे कोणी म्हणत नाही. मग सुनेने टाके घातलेली गोधडी सासूची का म्हणू नये?

आता थोडे पैशाविषयी. गोधडी विकायला निघाली की मजुरी बहुधा नगावर ठरते. आजारी बाईला यात एक सोय आहे: हजेरी नाही, वेळ तिच्या हातात. पण तोटाही तिथेच. तिला एका नगाला दुप्पट दिवस लागतात, म्हणजे तिची रोजची कमाई निम्मी होते, आणि वर ‘तेवढाच विरंगुळा’ म्हणून दर पाडून मागणारे भेटतात. विरंगुळा हा शब्द हिशेबात कुठल्याही खात्यावर बसत नाही. क्षयी किंवा कुष्ठरोगी बाईने शिवलेली गोधडी नको म्हणणारे गिऱ्हाईकही असते. क्षय हवेतून पसरतो, कापडातून नव्हे. आणि कुष्ठरोग उपचार सुरू असलेल्या माणसाच्या हातच्या वस्तूने होत नाही.

सरकारी मदतीचेही असेच आहे. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार वाढवून एकवीस केले. कुष्ठरोगातून बरे झालेले, कंपवाताचे रुग्ण त्यात आहेत. परंतु बहुतेक सवलतींसाठी चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो, आणि आमवात स्वतंत्रपणे त्या यादीत नाही; सांधे कायमचे वाकडे झाले तरच त्याची मोजणी होते. सकाळी कपही न उचलणारा आणि दुपारी सुई धरणारा हात कोणत्या वेळी मोजायचा?

निदान घरातल्या आणि बचतगटातल्या वहीत तरी कामे वेगळी लिहिता येतील. अमकीने निवडले, तमकीने मांडले, तिसरीने शिवले, आणि विक्रीचे पैसे आल्यावर तिघींचे वाटे. हल्ली वहीत शेवटचा टाका घालणारीचेच नाव चढते. निवडणीला आणि मांडणीला किती तास लागले याचा रकाना आखलेला नसतो, आणि आजारी बाई बहुधा त्याच रकान्यात असते.