आधाराचा दोर

जुन्को ताबेई यांनी १९६९ मध्ये जपानमध्ये केवळ स्त्रियांसाठी गिर्यारोहण मंडळ स्थापन केले. पुढच्याच वर्षी मंडळाची तुकडी नेपाळमधील ७,५५५ मीटर उंचीच्या अन्नपूर्णा-३ या शिखरावर गेली. दुखणे मुकाट्याने सोसावे, अशा संस्कारांत वाढलेल्या या भगिनींना आपली मर्यादा मान्य करणे आणि एकमेकींकडे मोकळेपणाने मदत मागणे तेथे शिकावे लागले.

हीच शिदोरी घेऊन १९७५ मध्ये पंधराजणी एव्हरेस्टकडे निघाल्या. त्यांनी पदरमोड केली, मोटारींच्या जुन्या आसनांच्या कापडापासून हातमोजे शिवले. ४ मे रोजी तंबूंवर हिमकडा कोसळला. बर्फाखाली गाडल्या गेलेल्या ताबेईंना शेर्पांनी बाहेर काढले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. पुढे प्राणवायूची पुरेशी नळकांडी वर नेणे अशक्य झाल्याने एकीलाच शिखर गाठता येणार होते. मोहिमेच्या नेत्या एइको हिसानो यांनी ताबेईंचे नाव सुचविले. १६ मे रोजी आंग त्सेरिंग शेर्पांसह शिखरावर पोहोचून ताबेई एव्हरेस्ट सर करणाऱ्या जगातील पहिल्या महिला ठरल्या.

शिखरावर पाऊल एकीचेच उमटले. परंतु त्यामागे चौदा मैत्रिणींचे श्रम, बचत आणि त्याग होता. एकत्र काम करणाऱ्या प्रत्येकाने हे स्मरणात ठेवावे.